पाच मिली कमी

हेड ऑफिसचा मेल आला आणि मॅनेजरला स्वतःच्याच दुकानातली कॉफी कडू लागली. 'आपल्या भागातील कॉफी दुकानांच्या स्पर्धेचे पुढील पाच वर्षांतील भवितव्य' या विषयावर दोन आठवड्यांत अहवाल पाठवायचा होता. खाली बारीक अक्षरांत होतं की कमकुवत शाखा बंद होतील आणि तिथल्या मॅनेजरांची बदली होईल. बदली म्हणजे आगगाडीने एक अख्खा दिवस. आणि बायको तर गेल्याच महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या शाळेत कायम झाली होती.

स्पर्धा शोधायला लांब जायला नको होतं. मॅनेजरचं दुकान लाल पाटीचं, आणि रस्त्यापलीकडे निळ्या पाटीचं. दोन्ही कंपन्यांची दुकानं गल्लोगल्ली, आणि जिथे लाल तिथे समोर निळं हे ठरलेलंच. लालने खिडकीत एक झोपाळा टांगला, की निळा दोन टांगायचा. मग गिऱ्हाइकांना बसायला खुर्च्या उरायच्या नाहीत, ते सोडा.

"समोर आत काय चाललंय ते कळायला हवं," मॅनेजर जेवताना बायकोला म्हणाला. "मला तर तिथे सगळे ओळखतात."

"अप्पांना पाठव ना. घरात बसून माझ्या डब्यांतली डाळ मोजत असतात."

अप्पा म्हणजे मॅनेजरचे सासरे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांना घाबरणारं कुणी उरलं नव्हतं, आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

"जावईबापू, पाहणी करायची तर रीतसर," असं म्हणून अप्पांनी कपाटातून खुणा असलेला मापाचा ग्लास, थर्मामीटर आणि वही काढली.

"अप्पा, गुपचूप हं!"

"मला शिकवू नका."

तीन दिवसांत वहीची सहा पानं भरली. कप दोनशे मिलीचा, कॉफी एकशे चौऱ्याऐंशी. कोमट. टेबल पुसायचं फडकं मळकट. मॅनेजर जाम खूश झाला. त्याने वहीतला शब्द न् शब्द अहवालात उतरवला, शेवटी 'समोरच्या दुकानाचे भवितव्य अंधकारमय आहे' असं ठोकून दिलं आणि पाठवूनही दिला. अप्पांना मात्र जातच राहायला सांगितलं, कारण खबर ताजी असलेली बरी.

पुढच्या आठवड्यात वही बदलली. कप काठोकाठ. कॉफी वाफाळती. फडकं पांढरंशुभ्र. तिथला मॅनेजर स्वतः खुर्ची ओढून देतो. आणि इकडे लाल पाटीखाली माश्या मारायची वेळ आली. रोज न चुकता येणारे औषधवालेसुद्धा रस्ता ओलांडताना दिसले, तेव्हा मॅनेजरने त्यांना दारातच गाठलं.

"अहो, आमचं काय चुकलं?"

"राग मानू नका, पण समोर हल्ली कप गळ्यापर्यंत भरून देतात. त्यांच्या हेड ऑफिसचा गुप्त तपासनीस रोज येऊन बसतो म्हणे. म्हातारा भलताच कडक! कॉफी ग्लासात ओतून मोजतो."

मॅनेजरने कपाळावर हात मारला. साध्या गिऱ्हाइकाच्या वेषात तपासनीस पाठवायची पद्धत सगळ्याच कॉफी कंपन्यांत होती, आणि त्याने आपल्या हाताने समोरच्याला तसला एक फुकट पुरवला होता.

"अप्पा, उद्यापासून तिकडे जायचं नाही," घरी येताच तो म्हणाला. "ते तुम्हाला तपासनीस समजतायत!"

"मग? मी कोण आहे?"

"अहो, माझं दुकान बंद पडेल!"

अप्पांनी ग्लास पुसून कपाटावर ठेवला. "चौतीस वर्षं मी दुकानात शिरलो की माणसं उठून उभी राहायची," ते हळूच म्हणाले. "त्यानंतर आत्ता कुठे पुन्हा कुणी उठलं. तुमच्या दुकानात आलो, तर तुम्ही मोबाइलमधून मान वर काढत नाही."

हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी अप्पा वेळेवर निळ्या पाटीखाली हजर झाले.

त्याच दिवशी मॅनेजरला आपल्या दुकानातल्या कोपऱ्यात एक बाई दिसल्या. स्वेटर विणत होत्या, आणि दोन ओळी विणल्या की वहीत काहीतरी लिहीत होत्या. मॅनेजरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण सासरा पाठवला, तर समोरच्याने मावशी पाठवली!

"हिला पाऊण कप द्या, कोमट," तो काउंटरवरच्या मुलीच्या कानात म्हणाला. "बिस्किट कालचं. आपण संपलो असं समोरच्याला वाटलं, की तो ढिला पडेल."

"सर, पण..."

"पणबिण काही नाही."

मग त्याने स्वतः जाऊन बाईंचं टेबल सगळ्यात मळक्या फडक्याने पुसलं. बाईंनी फडक्याकडे पाहिलं आणि वही उघडली.

"लिहा, मावशी, लिहा," मॅनेजर गालात हसत म्हणाला. "आमचं मशीनही बिघडलंय, तेही लिहा."

"थांबा, सावकाश सांगा," असं म्हणून बाईंनी तेही लिहून घेतलं.

चार दिवसांनी हेड ऑफिसचा मेल आला. लाल आणि निळी कंपनी एक झाली होती. यापुढे एका रस्त्यावर एकच दुकान राहणार होतं. सोबत आपल्याच कंपनीच्या गुप्त तपासनीस बाईंचा अहवाल जोडला होता. 'मॅनेजरने मळक्या फडक्याने टेबल पुसले. मशीन बिघडल्याचे आपण होऊन, अभिमानाने सांगितले.' म्हणजे लाल दुकान बंद!

त्याने बायकोला फोन लावला. "बदली होणार गं."

"मी शाळा सोडणार नाही, आधीच सांगते. मेल पूर्ण वाचलास का?"

वाचला नव्हता. शेवटी लिहिलं होतं की त्याच बाईंनी समोरचं दुकानही तपासलं, आणि आता मापात काटेकोर असल्याबद्दल निळ्या दुकानाच्या मॅनेजरला हेड ऑफिसात बढती मिळाली आहे. त्याच्या जागी ते दुकान आतून माहीत असलेला माणूस हवा. 'आपल्या अहवालात तेथील फडक्यापर्यंतची माहिती आढळली. सोमवारपासून आपण तेथे रुजू व्हावे. माप घसरता कामा नये.'

मॅनेजर खुर्चीवर बसल्या बसल्या टुणकन उडाला. बदली वाचली, शाळा वाचली, सगळंच वाचलं! तेही अप्पांच्या वहीने.

सोमवारी निळा एप्रन बांधून तो काउंटरमागे उभा राहिला. दार उघडलं, आणि दुकानात काम करणारी सगळी माणसं ताडकन उभी राहिली. अप्पा आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून ग्लास काढला. मॅनेजर स्वतः कप घेऊन गेला.

"अप्पा," तो वाकून कुजबुजला, "आता तरी यांना खरं सांगून टाकू का?"

अप्पांनी कॉफी ग्लासात ओतली, चष्मा वर सरकवला आणि खूण नीट पाहिली.

"पाच मिली कमी आहे, मॅनेजर."

मॅनेजरने एकदा मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, एकदा अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत नसेल इतका तो चेहरा खुलला होता.

"चूक झाली, साहेब," तो ताठ उभा राहून म्हणाला, आणि कप घेऊन काउंटरकडे धावला.