तुळाजीरावांची मानाची गाडी

एका जंगलात, पोरांनो, म्हाताऱ्यांचं फार चालायचं. म्हणूनच तिथे दुसरं काही धड चालत नसे.

त्या जंगलात तुळाजीराव नावाचे एक गवे राहत. त्यांच्याकडे लाल रंगाची, दोन सिटांची, जुनी स्पोर्ट्स कार होती. तिला छप्पर नव्हतं, म्हणून शिंगांची सोय झाली होती. दुसरी सीट पोटासाठी लागायची.

दरवर्षी वनजाई देवीच्या जत्रेत पालखीच्या पुढे हीच गाडी असे. पहिला मान तुळाजीरावांचा. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. पण जे आठवत नाही त्यालाच त्या जंगलात परंपरा म्हणत.

गाडी थोडी गळायची. उभी राहील तिथे काळा ठिपका. गेल्या जत्रेत त्या तेलावरून पालखीचे भोई घसरले आणि देवी ओढ्यात जाऊन पडली. तेव्हा वानरपंचांनी निकाल दिला. "यंदा निघायच्या आधी गाडीखाली पांढरं धोतर अंथरू. एक थेंब जरी पडला, तर मान सर्जेराव रानडुकराला."

तुळाजीराव तडक घरी येऊन गाडीभोवती फेऱ्या घालू लागले. डुक्कर पुढे आणि आपण मागे? त्यापेक्षा मेलेलं बरं.

त्यांची मुलगी रेवा. तिने गाडीचं तोंड उघडलं, आत बघितलं आणि म्हणाली, "आबा, इंजिनाच्या झाकणाखालचं पॅकिंग वाळलंय. नवीन घालते. जेवणाच्या आत होईल."

"तू घालणार? शाळा अर्धी सोडलेली तू?"

"शाळेत पॅकिंग शिकवत नाहीत, आबा."

"उलट बोलू नकोस! जुनं झालं म्हणून काढून टाकायचं? उद्या मलाही काढून टाकशील!"

रेवा जरा विचारात पडली. तो विचार तुळाजीरावांना दिसला. आवडला नाही.

त्यांनी अनुभवी मंडळी बोलावली.

आधी तरसकाका आले. त्यांनी गळतीवर मूठभर हळद चेपली. "हळदीने रक्त थांबतं," ते म्हणाले, "तेलाची काय टाप?" तेल पिवळं येऊ लागलं. तरसकाका म्हणाले, "रंग सुधारलाय."

मग अस्वलमामा आले. त्यांनी पाना मागितला.

"तुळाजी, आपल्याला बापाने कसं सरळ केलं?"

"आवळून."

"झालं तर! पोर असो की बोल्ट, आवळलं की सुधारतं."

हे तुळाजीरावांना मनापासून पटलं. थोरल्या मुलाला त्यांनी असंच आवळलं होतं. तो डोंगरापलीकडे निघून गेला तो गेलाच. पण ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"मामा, हळू!" रेवा ओरडली. "जास्त आवळलं की पॅकिंग चिरतं."

"ऐका! म्हणे हळू! अगं, तुझ्या बापाला मी अंगाखांद्यावर खेळवलंय!"

मामांनी पान्यावर सगळं अंग टाकलं. कट्ट! थेंबांची धार झाली.

"बघ," मामा घाम पुसत म्हणाले, "मोकळी झाली बिचारी. आतली घाण पडतेय. पडू दे."

घाण पडत राहिली. जत्रेच्या आदल्या दिवशी थांबली. तुळाजीराव गाडीखाली वाकून बघत राहिले. कोरडं! त्यांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात अनुभव," ते म्हणाले.

रेवाने तेल बघायची पट्टी ओढून काढली. तीही कोरडी.

"आबा, गळती थांबली नाही. तेल संपलंय. निदान आता तरी तेल घाला."

"वा गं शहाणे! घातलं की पुन्हा गळेल!"

यावर सगळे म्हातारे इतके हसले, की तरसकाकांना धरून बसवावं लागलं.

जत्रेच्या सकाळी धोतर अंथरलं. डाग नाही. वानरपंचांनी ते हुंगलं, उन्हात धरलं, पुन्हा हुंगलं. मान तुळाजीरावांचाच! सर्जेराव शेपटी वळवून निघून गेला. हलगी कडाडली, गुलाल उडाला, गाडी निघाली. मागे पालखी, मागे सगळं जंगल.

खिंडीच्या चढावर गाडीत एक लाल दिवा लागला.

"अखेर लाल दिवा मिळाला आपल्याला," तुळाजीराव पुटपुटले आणि ताठ बसले.

मग धूर आला. त्यांना वाटलं, कुणी धूप घातला. मग आतून कुणी दात खातंय असा आवाज आला. मग खाड्!

इंजिन जाम. गिअर अडकलेला. चाकं हलेनात. खिंड अरुंद, पालखीला डावीकडून जागा नाही, उजवीकडून नाही. हलगी थांबली.

तुळाजीरावांनी मागे वळून रेवाकडे पाहिलं. त्यांच्या जिभेवर एक शब्द आला. आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, म्हणून त्यांना तो नीट ओळखूही येईना. बहुधा 'चुकलं' असा काहीतरी होता.

तेवढ्यात अस्वलमामा गरजले, "अरे, देवीला इथेच राहायचंय! कौल दिला आईने!"

तुळाजीरावांनी शब्द गिळून टाकला.

आता त्या खिंडीत देऊळ आहे. पालखी तिथेच, पुढे गाडी तिथेच. मान आता कुणी हिरावून घेऊ शकत नाही, कारण पुढे जायला वाटच नाही. तुळाजीराव दिवसभर गाडीत बसून असतात. त्यांनाही हार पडतो. दर शनिवारी सगळे प्राणी वाटी घेऊन रांगेत येतात आणि बॉनेटवर तेल वाहतात. आत कुणी घालत नाही.

रेवा डोंगरापलीकडे भावाकडे गेली, पायी. जाताना थांबून म्हणाली, "आबा, चला."

"मान सोडून?" तुळाजीराव म्हणाले. त्यांच्या शिंगांवरून तेल ओघळत होतं.

तात्पर्य : पोरांनो, वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकावं. ऐकलं तर देऊळ होतं. नाही ऐकलं, तर गाडी नुसतीच चालते.