तीन तास दहा मिनिटांचा पश्चात्ताप

रविवारी दुपारी जावकरावांनी केलं काय, तर फक्त तिकिटाची खिडकी बदलली. ज्या विनोदी सिनेमासाठी ते बायकोला घेऊन आले होते, त्याची तिकिटं संपली होती. बायको म्हणाली, "चला घरी, कपडे वाळत घालायचे राहिलेत." त्या बाईचं ऐकून ते मुकाट्यानं घरी गेले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण घातलेली इस्त्री वाया जाऊ नये म्हणून ते शेजारच्या खिडकीवर गेले आणि तिथे जो लागला होता त्याची दोन तिकिटं घेऊन आले.

(जावकराव हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते अठ्ठावीस वर्षं जावक टेबलावर बसत होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर शिक्का, वहीत नोंद, पाकीट बंद, रवाना. त्यांच्या हातून एक पत्र कधी गहाळ झालं नाही, अशी ख्याती होती. कचेरीतली ख्याती ही कचेरीपुरतीच असते, हे त्या संध्याकाळी सिद्ध झालं.)

सिनेमा तीन तास दहा मिनिटांचा होता. त्यात मुख्य पात्रं नऊ. एक शल्यविशारद, एक बसचालक, एक आवाज गेलेली गायिका, दोन जुळे भाऊ, आणि आणखी कोण कोण. प्रत्येकाच्या काळजात एकेक सल. याची आई तिची शिक्षिका निघायची, तिचा नवरा भलत्याच कुणाचा तरी लहानपणीचा मित्र निघायचा. मध्यंतरापर्यंत जावकराव दोन्ही जुळ्यांना एकच माणूस समजत होते, त्यामुळे त्याचा पश्चात्ताप त्यांना दुप्पट वाटला. शेवटी नऊच्या नऊ जण इस्पितळाच्या लिफ्टमध्ये अडकतात. लिफ्ट सहा माणसांची. आणि त्या अंधारात म्हातारा बसचालक म्हणतो, "जे सांगायचं राहिलं, ते आज सांगा. दार पुन्हा उघडेल याची खात्री काय?"

जावकराव हमसून हमसून रडायला लागले.

"अहो, काय झालं? पोटात दुखतंय का?" बायकोनं विचारलं.

"आत दुखतंय."

"मग पोटच ते," ती म्हणाली आणि पर्समध्ये गोळी शोधू लागली.

घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. सरळ फोन उचलला आणि थोरल्या भावाला लावला. बायको बादलीतले कपडे पिळत होती. "नका हो," ती म्हणाली, "सिनेमा अंगात आलाय तुमच्या. तासाभरात उतरेल." पण लिफ्टचं दार पुन्हा उघडेल याची खात्री काय?

"दादा, एक सांगायचंय. मनावर मोठं ओझं आहे."

"बोल."

"तीस वर्षांपूर्वी तू मला एक पत्र दिलं होतंस. मागच्या गल्लीत पोचवायला. मी तुला सांगितलं की पोचवलं, पण ती काही बोलली नाही. दादा, मी ते पोचवलंच नव्हतं. माझ्या पँटच्या खिशात राहिलं आणि पँटबरोबर धुतलं गेलं."

जावकरावांना फार हलकं वाटलं. (त्यांचं ओझं आता दुसऱ्यांच्या डोक्यावर निघालं होतं.)

मग फोनमधून वहिनींचा आवाज आला. दादांना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे जावकरावांच्या आत्ता लक्षात आलं.

"कसलं पत्र, भावोजी? आणि मागच्या गल्लीत कोण?"

मागच्या गल्लीत कोण, हे सांगायला जावकरावांची जीभ रेटेना. कारण मागच्या गल्लीत राहायच्या त्या ताई. म्हणजे जावकरावांच्या बायकोची सख्खी थोरली बहीण. गणिताच्या शिक्षिका, आता मुख्याध्यापिका, आणि अविवाहित.

पिळलेला टॉवेल तसाच हातात धरून बायको त्यांच्याकडे बघत होती. "माझी ताई?" ती म्हणाली. "म्हणून दादा तीस वर्षं तिच्यासमोर फोटोला उभं राहिल्यासारखे उभे राहतात? तिनं 'कसे आहात' विचारलं की 'जगतोय' म्हणतात?"

"थांबली!" फोनमधून दादांचा कापरा आवाज आला. "अरे गाढवा, ती थांबली माझ्यासाठी! जन्मभर लग्न केलं नाही तिनं! एका पत्राची वाट बघत बसली बिचारी!"

"आणि मी?" वहिनी ओरडल्या. "मी काय वाट चुकून आले होते तुमच्या घरात?"

फोन बंद झाला. जावकरावांनी बायकोला विनवलं, की निदान ताईंना तरी यातलं काही कळू देऊ नकोस. तोवर तिचा ताईंना फोन करून झालाही होता.

तासाभरात सगळे हजर. दादा नवा शर्ट घालून आले होते, त्याची घडीही मोडली नव्हती. वहिनी दाराजवळच्या खुर्चीत पर्स पोटाशी धरून बसल्या, म्हणजे कुठल्याही क्षणी माहेरी निघता येईल. ताई मधल्या कोचावर, पेपर तपासायला बसाव्यात तशा ताठ. जावकरावांना बसायला जागा उरली नव्हती. ते कपाटाला टेकून उभे राहिले. लिफ्टमध्ये नऊ जण गळ्यात पडून रडले होते. इथे पाचच होते, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"हं, दादा," ताई म्हणाल्या. "काय होतं त्या पत्रात?"

दादांनी उभं राहून घसा खाकरला आणि पत्र म्हणून दाखवलं. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. तीस वर्षांनंतर, सगळंच्या सगळं! वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. या बाईनं जावकरावांच्या आजारपणात महिना त्यांच्या उशाशी बसून काढला होता, आणि त्यांनी तिचा संसार एका दुपारच्या खेळावर ओवाळून टाकला होता.

"उत्तर हवंय तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"हो," दादा कसेबसे म्हणाले.

"मी नाही म्हणाले असते."

"काय?"

"नाही. तुम्हालाच नव्हे, कुणालाही. मला लग्नच करायचं नव्हतं. मी कुणासाठी थांबलेबिंबले नाही. माझं छान चाललंय."

दादा हळूच खाली बसले. एकाएकी ते सत्तरीचे दिसायला लागले. "तीस वर्षं," ते जावकरावांना म्हणाले, "मला वाटायचं, तिच्या मनात काहीतरी असेल, पण बोलता आलं नसेल. तेवढंच होतं रे माझं. तेही काढून घेतलंस."

"आणि माझं काय घेतलंत ते ऐका, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "कालपर्यंत मला वाटत होतं, मी यांची निवड. आज कळलं, मी यांची सोय."

जावकरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. खालचे भाडेकरू सुट्टीवर होते, त्यामुळे तशी अडचणही नव्हती.

"पण मला एक सांग," दादा म्हणाले. "पत्र दिलं का नाहीस? घर तर चार पावलांवर होतं."

आता मात्र जावकरावांना धीर आला. एवढ्या पडझडीत त्यांच्याजवळ एक गोष्ट अशी होती, की जी ऐकून निदान एक माणूस तरी त्यांच्या बाजूला येईल. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मी गेलो होतो, दादा. दार वाजवलं. दार उघडलं, आणि समोर ही! केस ओले, हातात पुस्तक. 'काय हवंय?' म्हणाली. 'काही नाही,' म्हणालो आणि परत फिरलो. त्याच पावली ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी. पुढे काकांकरवी मागणी घातली. थोरलीला लग्न करायचं नाही, धाकटी आहे, असा निरोप आला. मी म्हटलं, धाकटीच तर हवीय!"

बायकोचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदाच निवळला. वहिनींनीही डोळे पुसले.

"कधीची हो ही गोष्ट?" बायकोनं हळूच विचारलं.

"दादाच्या बदलीच्या आधीचा आठवडा. मार्च."

"मार्चमध्ये मी मामाकडे होते," बायको म्हणाली. "परीक्षेला. दोन महिने."

खोलीतल्या सगळ्या माना कोचाकडे वळल्या. ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एक ठोंब्या आला होता खरा," त्या म्हणाल्या. "काय हवंय विचारलं तर पळून गेला. मला वाटलं, चपलाचोर असेल. मी बाहेर जाऊन जोड मोजले."

"मला... मला तेव्हा चष्मा नव्हता," जावकराव म्हणाले. "तो लग्नानंतर लागला."

मग बायको उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. कप काढल्याचा आवाज आला. जावकरावांनी कान देऊन मोजले.

चार.