दोन चमचे, जेवणानंतर

डॉक्टरांनी "चहा बंद" एवढे दोनच शब्द उच्चारले आणि भुरकेसाहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पूर्ण?"

"पूर्ण. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, सकाळी बसलेला आवाज. पोटातलं आम्ल वर येतंय तुमच्या. दिवसाला किती कप होतो?"

"दोनशे-सव्वादोनशे."

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं ते टेकलंच. खाली शाईचा ठिपका पसरत गेला.

"महिन्याला म्हणताय?"

"दिवसाला. सुटीच्या दिवशी दोनच."

शेजारी बसलेल्या आक्काला राहवलं नाही. "अहो डॉक्टर, हा चहाच्या कंपनीत चव बघायला असतो. चमचाभर घेतो, तोंडात फिरवतो आणि थुंकतो. तीस वर्षं झाली. थुंकायचा पगार घेणारा आमच्या घराण्यातला हा पहिलाच."

"गिळत नाही ना?"

"एक थेंब नाही," भुरकेसाहेब ताठ बसून म्हणाले. चहाचा थेंबही पोटात न जाऊ देणं ही त्यांच्या धंद्यातली अब्रू होती.

"मग ते चालू द्या. घरचे दोन कप मात्र बंद." गोळ्या त्यांच्या घशात अडकत, म्हणून डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं. गुलाबी, दाट, पुदिन्याच्या वासाचं. "बाटली हलवायची. जेवणानंतर दोन चमचे, दिवसातून तीनदा. चमचा बाटलीबरोबरच मिळेल. दोन आठवड्यांत फरक पडायलाच हवा."

फरक पडायलाच हवा होता, कारण भुरकेसाहेबांकडे तेवढेच दिवस होते. त्यांचं खरं नाव कंपनीत कोणी घेत नसे. चमच्यातून चहा ओढताना ते असा भुरका मारत की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी दचकून उठे. त्यावरून हे नाव पडलं. पण गेल्या सोमवारी भुरका मारतानाच पोटातून आंबट उमाळा आला आणि त्यांनी सलग सात नमुन्यांवर "आंबट" असा शेरा मारला. मॅनेजरांनी फेरतपासणी केली. सातही नमुने चोख. आंबट होते ते भुरकेसाहेब.

"दोन आठवड्यांनी, शुक्रवारी मोठे व्यापारी येताहेत," मॅनेजर म्हणाले होते. "त्यांच्यासमोर ऐंशी कप चाखायचेत. पुन्हा असं झालं तर टेबल माझ्या मेहुण्याकडे, आणि तुम्ही गोदामात. पोत्यांना शिक्के मारायला."

मेहुणा दिवसभर लवंग चघळायचा. त्याला चहा आणि गरम पाणी यांतला फरक रंगावरून कळे.

त्यामुळे भुरकेसाहेबांनी औषध अगदी व्रतासारखं सुरू केलं. बाटली मोजून वीस वेळा हलवायची. औषध सांडून डाग पडू नये म्हणून बेसिनपाशी उभं राहायचं. एक चमचा, दुसरा चमचा, मग डायरीत बरोबरची खूण. आक्का त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी आवरत असे. दोन वर्षांपूर्वी भुरकेसाहेबांची बायको गेली तेव्हा ही थोरली बहीण चार दिवसांसाठी म्हणून आली होती. ते चार दिवस अजून चालूच होते.

आठवडा झाला तरी छाती भट्टीसारखी पेटलेलीच. डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवला. दोनाचे तीन चमचे झाले. जळजळ जागची हलली नाही. उलट नवव्या दिवशी बेसिन तुंबलं.

प्लंबरनं खालचा पाइप खोलला आणि मुठीएवढा एक गुलाबी गोळा बाहेर काढला.

"साहेब, घराला रंग देताय का?"

"नाही हो."

"मग हे काय? आणि वास कसला मस्त येतोय. पुदिना!"

"टूथपेस्ट असेल," आक्का म्हणाली.

"एवढी?" प्लंबरनं घरभर नजर फिरवली. "आजी, घरात तोंडं तरी किती?"

तिकडे कचेरीत याहून भारी प्रकार घडला. दुपारचा डोस भुरकेसाहेब चाखायच्या टेबलापाशीच घेत. दहाव्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशींनी पिकदाणी उचलली. आत चहाच्या तपकिरी पाण्यात काहीतरी लालसर तरंगत होतं. मावशींनी झाकण लावलं आणि पहारेकऱ्याला गाठलं. "साहेबांना रक्त पडतंय रे!"

पहारेकऱ्यानं ते टायपिस्टला सांगितलं तेव्हा साहेबांकडे सहा महिने होते. पहिल्या मजल्यावर तीन उरले. पॅकिंग विभागात बातमी पोचेपर्यंत फक्त रविवारपर्यंतची मुदत होती. साडेचारला त्यांच्या टेबलापुढे रांग लागली. एकानं गळ्यात पडून हुंदका दिला. दुसऱ्यानं चार वर्षांपूर्वी चोरलेली छत्री परत केली. "मनावर ओझं होतं साहेब, आता वेळ राहिला नाही." मेहुणा लांब उभा राहून नजरेनंच खुर्चीचं माप घेत होता.

मॅनेजर मात्र घाबरले. त्यांनी भुरकेसाहेबांना गाडीत घातलं, वाटेत आक्काला घेतलं आणि थेट दवाखाना गाठला.

"रक्त?" डॉक्टर म्हणाले. "औषध वेळेवर घेताय ना?"

"ही डायरी. एक खूण चुकली असेल तर सांगा."

"माझ्यासमोर घ्या बघू एकदा."

भुरकेसाहेबांनी पिशवीतून बाटली काढली. वीस वेळा हलवली. चमचा काठोकाठ भरला, डोळे मिटले आणि असा भुरका मारला की बाहेर बसलेले दोन रोगी उठून उभे राहिले. औषध डाव्या गालातून उजव्या गालात गेलं, टाळूला लागलं, परत डावीकडे आलं. त्यांनी छताकडे बघून क्षणभर विचार केला. मग मान किंचित वळवली, आणि चार फुटांवरच्या बेसिनमध्ये एक सरळ, बारीक, गुलाबी पिचकारी नेमकी जाळीवर जाऊन पडली.

"ही बाटली मागच्यापेक्षा बरी आहे," ओठ पुसत ते म्हणाले. "पुदिना ताजा वाटतो. शेवटी जरा खडू लागतो."

मॅनेजरांनी आक्काकडे बघितलं.

"गिळलंत?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"म्हणजे काय!"

"भुरकेसाहेब, जरा बेसिनमध्ये बघता?"

ते उठले. वाकून बघितलं. "अरेरे," ते म्हणाले. "हे कोणाचं?"

आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "बाळ्या, तुझं! अरे, दहा दिवस तू बेसिनला औषध पाजतोयस!"

"म्हणजे हे मरत नाहीत?" मॅनेजरांनी विचारलं.

"अजिबात नाही. आणि त्यांच्या बेसिनला यापुढे पित्ताचा त्रास कधी होणार नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आजपासून गिळायचं. चार दिवस आहेत, पुरतील."

सांगणं सोपं होतं. पण चमचा ओठाला लागला की भुरकेसाहेबांचं तोंड त्यांचं राहत नसे, कंपनीचं होई. ही सवय मोडायची जबाबदारी आक्कानं उचलली. पहिल्या दिवशी दहा चमचे पाणी पाजलं, दहा पिचकाऱ्या उडाल्या. एक तिच्या चष्म्यावर बसली. दुसऱ्या दिवशी तिनं एका हातानं हनुवटी दाबून धरली, दुसऱ्या हातानं नाक.

"गीळ! मी दहा म्हणेपर्यंत तोंड उघडलंस तर बघ. एक... दोन... कुठे बघतोस? बेसिनकडे बघायचं नाही!"

पाणी, दूध, औषध, पुन्हा पाणी. दिवसाला शे-दीडशे चमचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घशातून "गटक" असा आवाज आला. आक्कानं शेजारी जाऊन ही बातमी अशी सांगितली, जणू घरातलं मूल पहिल्यांदा चाललंय. शुक्रवारी सकाळी भुरकेसाहेब उठले तेव्हा छाती गार होती आणि आवाज घंटेसारखा खणखणीत.

टेबलावर ऐंशी कप मांडलेले. समोर तीन व्यापारी, बाजूला मॅनेजर, त्यांच्या खांद्यामागे मेहुणा. भुरकेसाहेबांनी पहिला चमचा उचलला. भुरका! कित्येक दिवसांनी जिभेवर नुसता चहा आला, आंबटाचा मागमूस नाही. त्यांनी तो मन लावून तोंडात घोळवला. पिकदाणीकडे वळले. तोंड उघडलं.

आत काही नव्हतं.

त्यांनी दुसरा चमचा घेतला. गटक. तिसरा. गटक. गाल आतून चावले, मांडीला चिमटा काढला, पण चमचा आत गेला की डोक्यात आक्का मोजायला लागे : एक... दोन... आणि घसा इमानदारीत आपलं काम उरकून मोकळा होई. मॅनेजर डोळ्यांनी पिकदाणी दाखवत होते. पिकदाणी कोरडी ठणठणीत.

पंचविसाव्या कपाला कान गरम झाले. चाळिसाव्याला पाय जागेवर राहिनात. पन्नासाव्यापासून ते टेबलाभोवती जवळजवळ धावत होते आणि जीभ त्यांच्याही पुढे धावत होती. "ही पत्ती उशिरा खुडलीय! हिला उन्हात ठेवलं होतं, किती वेळ सांगू? दोन तास! ही गोदामात कांद्याच्या पोत्याशेजारी होती, विचारा कोणालाही!" शेरे लिहिणाऱ्या कारकुनानं दुसरी पेन्सिल मागवली. अडुसष्टाव्या कपाला भुरकेसाहेब थबकले, ताठ झाले, आणि गरजले, "लवंग! या कपावर कोणीतरी वाकून बोललंय!"

सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं लवंग गिळली.

ऐंशीवा कप संपला. भुरकेसाहेब टेबलाला धरून उभे राहिले, आणि टेबलावरचे कप किणकिणायला लागले. आता गोदाम, त्यांना वाटलं. सगळ्यांत वयस्कर व्यापारी उठला.

"चाळीस वर्षं मी चहा घेतोय. ज्या कंपनीत जावं, तिथला माणूस आपलाच चहा माझ्यासमोर थुंकतो. मग सांगतो, उत्तम आहे! आज पहिल्यांदा बघितलं, माणूस स्वतःच्या कंपनीचा चहा शेवटच्या चमच्यापर्यंत प्यायला. माल ह्याच टेबलावरून घेणार, आणि दरवेळी हेच साहेब पाहिजेत."

दुपारी भुरकेसाहेब घरी आले ते टेबल राखून, पण छातीत आग घेऊन. कपाट आवरून झालं, पंखे पुसून झाले, तरी हात थांबेनात. डॉक्टर फोनवर हसत सुटले. "कामावर थुंका, साहेब. आणि औषध तेवढं गिळा."

"आता ह्याच्या एका तोंडाला मी दोन-दोन सवयी कुठून लावू?" आक्का मटकन खाली बसली. मग काही आठवून म्हणाली, "काय रे, तुझी बायको तुला औषध कसं द्यायची? दर दोन महिन्यांनी खोकला असायचा तुला."

"वाटीत ओतून."

"चमच्यानं का नाही?"

"घरात चमचे होतेच कुठे?"

"नव्हते? तुमच्या लग्नात मीच डझनभर दिलेत की!"

आक्का स्टुलावर चढली. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यामागे कागदात गुंडाळलेलं पुडकं सापडलं, दोऱ्यानं बांधलेलं. आत बारा चमचे, नवे कोरे. भुरकेसाहेब बघत राहिले. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात बायकोनं काहीतरी गोड करून एक चमचा त्यांच्या तोंडात घातला होता. पुढे काय झालं ते त्यांना आठवेना. एवढंच आठवलं, की ती पोट धरून हसत जमिनीवर बसली होती. त्यानंतर घरात सगळं पातळ वाटीतूनच प्यायचं, अशी पद्धत पडली. पद्धत आहे असंच ते इतकी वर्षं समजत होते.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"कशाला बोलेल? बारा चमचे लपवणं सोपं, एका तुला सुधारणं अवघड."

त्यांनी वाटी घेतली. औषध ओतलं, वाटी तोंडाला लावली आणि एका दमात, भुरका नाही की काही नाही, रिकामी केली. मग हात आपोआप पुढे झाला आणि त्यांनी वाटी उपडी करून दाखवली. समोर ओटा होता, ओट्यापाशी कोणी नव्हतं. हात तसाच राहिला.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, हळूहळू जाऊन ओट्यापाशी उभी राहिली.

"बघितली," ती म्हणाली. "आता आ कर."