विहिरीच्या गाळाचा पंचनामा

सन चौतीसच्या उन्हाळ्यात, रिठदच्या अलीकडच्या आमच्या गावात थोरले पाटील वारले आणि पाटीलकी त्यांच्या मुलाकडे, जगदेवकडे आली. वय तेवीस. नेमणुकीचा हुकूम मात्र कच्चा होता. पावसाळ्यापूर्वी गावविहिरीचा गाळ काढून दाखवावा, म्हणजे गावावर वचक आहे असे समजून पाटीलकी कायम होईल. न काढल्यास ती चुलते पुंजाजी यांच्याकडे जाईल, असे तहसीलदारसाहेबांनी लेखी कळवले. गाळ उपसण्याजोगे धट्टेकट्टे म्हणजे आम्ही पाच जण, सगळे जगदेवच्या बरोबरीचे. मास्तरांनी छडी उचलली की तो कसा रडायचा, हे आम्हाला तोंडपाठ होते.

दवंडी झाली. आम्ही विहिरीवर गेलो आणि काठावर बसलो. जानराव म्हणाला, "जग्या, पयले तू उतर, मंग आमी येतो."

बिचारा उतरला. त्याला कमरेइतक्या गाळात पाहून आमचे मन विटले. पाटलाने चिखलात शिरावे, मग त्याचा मान तो काय राहिला? आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तो धुतलेला फेटा बांधून काठावर उभा राहिला. काल आपल्यासारखा होता, आज लगेच चढला, असे म्हणून आम्ही त्याही दिवशी घरी गेलो. तिसऱ्या दिवशी त्याने जानरावला 'जानरावजी' म्हटले. यात काहीतरी काळंबेरं आहे हे आम्ही तात्काळ ओळखले. चौथ्या दिवशी तो ओरडला, तेव्हा मास्तरांची छडी आठवून आम्ही पोट धरून हसलो.

शेवटी त्याने तहसिलीत अर्ज केला की लोक ऐकत नाहीत. उत्तर आले: लोक ऐकत नाहीत याबद्दल पाच पंचांचा पंचनामा जोडावा. जगदेवने बोलावणे धाडले आणि आम्ही पाचही जण धावत गेलो. 'आम्ही पाटलाचे ऐकत नाही' या मजकुराखाली आनंदाने अंगठे उठवले.

आठवड्याने निकाल आला. पाचही पंच पाटलाच्या एका निरोपावर हजर झाले, सबब गाव पाटलाचे ऐकते हे शाबीत आहे. गाव ऐकत असूनही गाळ निघाला नाही, सबब दोष पाटलाचा. पाटीलकी पुंजाजीला मिळाली.

पुंजाजी साठीचा. त्याने विहिरीजवळ बाज टाकली, कोतवालाला पाठवले आणि आमच्या बापजाद्यांचा उद्धार सुरू केला. ऊन चढायच्या आत आम्ही विहिरीत होतो. उपसलेला गाळ सरकारी पडीकात न टाकता पुंजाजीच्या वावरात टाकायचा होता. तोही आम्ही टाकला. पाटील असावा तर असा, असे जानराव दोनदा म्हणाला.

सहावा माणूस म्हणून जगदेवलाही जुंपले होते. टोपले देता देता तो हळूच म्हणाला, "जानराव, मी हेच तर सांगून राह्यलो होतो. तवा काहून नाही उतरले तुमी?"

जानरावने मान वर केली नाही. "तुले 'नाही' म्हणता येत होतं, बापा."

जगदेवने पुढचे टोपले दिले. मला त्याच्याकडे बघवेना, फार वाईट वाटले. पण वरून पुंजाजीने माझ्या आजोबाचे नाव घेतले आणि मी घाईने टोपले उचलले.

वाचणाऱ्याने आम्हाला खुशाल नावे ठेवावीत. फक्त त्याआधी आपल्याच बरोबरीचा एखादा खुर्चीवर बसेल, त्याच्या पहिल्या हुकुमाला उठून पाहावे. ते न जमल्यास संकोच करू नये. विहिरीत अजून पुष्कळ जागा आहे.