एकोणसत्तर मार्कांचा रुपया

मला फसवणारा मायचा लाल अजून पैदा व्हायचा होता! वाळूजच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गिअरच्या दात्यात केसाएवढी चूक असली तरी माझी नजर ती पकडते, आणि एकदा का मी ‘रिजेक्ट’ म्हणलं की मॅनेजरच्या बापालाही तो माल पुढं सरकवता येत नाही. घरीही तेच. भाजीवाल्याची वांगी, दूधवाल्याचं माप, शेजाऱ्यांची नवी गाडी, काहीही समोर आलं की त्यातली खोट आधी माझ्या तोंडातून बाहेर पडते, मग नमस्कार!

"कंपनीतली ही सवय कंपनीतच ठेवून येत जा ना," असं माझी बायको द्वारका रोज म्हणते. पण अंगचा गुण काय कपाटात ठेवता येतो?

अशा माणसाला जुन्या नाण्यांचा नाद लागल्यावर काय होणार? नाणी धन्य होणार! एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथून मी एक भिंग घेतलं आणि ‘दर्जा’ ही काय चीज असते ते शिकून आलो. नाण्याला सत्तरपैकी मार्क देतात. मार्क दिले की ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात आणि वर चिठ्ठी लावतात. मग ते नाणं नाणं राहत नाही, एकदम गॅझेटेड ऑफिसर होतं!

गुलमंडीच्या बाजारात सांडूशेठचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. मी पायरी चढलो की तो उठून उभा राहायचा. "या, क्वालिटीसाहेब, या! आपल्यासारखी नजर अख्ख्या मराठवाड्यात नाय!" लगेच चहा. आता इतकं खरं बोलणारा माणूस खोटी नाणी कशाला विकेल? मी सगळीकडं सांगत सुटलो, "नाणं घ्यायचं ना? सांडूशेठकडं जा. डोळे झाकून!"

माझी सासरवाडी फुलंब्रीची. सासूबाईंचं नाव सरूबाई, मी त्यांना मामी म्हणतो. त्यांच्या गळ्यात नऊ रुपयांची माळ असायची. निजामाच्या राजवटीतले चांदीचे हाली रुपये! पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पुढं त्याचा शिक्काही गेला. पण मामींच्या सासूनं ते मोडले नाहीत. कड्या डागून गळ्यात ओवले, आणि जाताना सुनेच्या गळ्यात घालून म्हणाली, "आता हे घर तुझं." तेव्हापासून मामी झोपतानाही ती माळ काढत नव्हत्या.

दिवाळीला गेलो तेव्हा मी भिंग काढलं.

"मामी, लई घासलेत हो हे! सत्तरपैकी चार मार्क पडायचे नाहीत. दर्जाच्या हिशोबानं निव्वळ कचरा!"

"घासणारच की," मामी म्हणाल्या. "पन्नास वर्सं गळ्यात हायेत. तुमी बी घासाल."

सगळे खदाखदा हसले. एक सासरे, आप्पासाहेब, तेवढे हसले नाहीत. ते माळेकडं बघत विचारात पडले होते. मी मात्र दुसरी करंजी उचलली.

मग आला अधिक महिना! धोंड्याचा महिना! तीन वर्षांतून एकदा जावयाचा भाव असा वधारतो की विचारू नका. साक्षात नारायण समजून त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि वर वाण देतात. मला पाटावर बसवलं, डोक्याला गुलाबी फेटा बांधला, गळ्यात हार घातला. चुलतसासरे काकासाहेब मोबाईल धरून शूटिंगला उभे राहिले. आप्पासाहेबांनी वाणाचं ताट पुढं केलं. ताटात अनारसे, आणि अनारशांवर एक प्लास्टिकची डबी!

आत हाली रुपया. असा लखलखीत, की डोळे दिपावेत! चिठ्ठीवर छापलं होतं: ‘अस्सल. ६९/७०.’

"सांडूशेठकडनं आणला, पाव्हणं," आप्पासाहेब छाती फुगवून म्हणाले. "डोळे झाकून!"

माझा ऊर भरून आला. भिंग खिशात होतंच. कॅमेऱ्याकडं तोंड करून मी जी सुरुवात केली! "मंडळी, ह्याला म्हणतात नाणं! काय ही धार! काय हे चारमिनारचे मिनार! इतकी वर्षं क्वालिटीत काढली, पण असा पीस बघितला नाही. हा रुपया मी स्वतः पास करतो. अस्सल!"

टाळ्या पडल्या. द्वारका कानाशी येऊन म्हणाली, "तुम्हाला दहावीला तरी पडले होते का हो एवढे मार्क?"

हात धुवायला उठलो तर आप्पासाहेबांनी मला गोठ्याकडं ओढलं.

"पाव्हणं, कुठं बोलायचं नाय. तुमच्या मामीची माळ दिली ह्याच्या बदल्यात. तुमीच म्हणला ना कचरा हाय? नऊ घासलेले दिले आन् एक कोरा करकरीत आणला!"

धोंडा माझ्या घशातच अडकला. "आणि मामींना काय सांगितलं?"

"दोरा झिजला व्हता, पटवेकऱ्याकडं गाठवायला टाकलीय म्हणलं. आता तुमीच पास केलं म्हणल्यावर चिंता मिटली. सांगंन सवडीनं. खूश होईल ती!"

मी वळून पाहिलं. मामी ओसरीवर विडे लावत होत्या. त्यांचा हात घडीघडी मोकळ्या गळ्याकडं जायचा आणि काही हाताला न लागता परत यायचा. मला कसंतरीच झालं. पण म्हणलं, एकोणसत्तर म्हणजे एकोणसत्तर! मामींचं नशीब उघडलं!

संध्याकाळी घरी आलो आणि डबी फ्रिजवर ठेवून कपडे बदलायला गेलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून द्वारकाचा हसण्याचा फवारा!

"अहो, इकडं या! तुमचा एकोणसत्तरवाला मोराला चिकटलाय!"

आमच्या फ्रिजवर लोहचुंबकाचा एक मोर आहे, लाईटचं बिल लावून ठेवायला. द्वारकानं बिल काढून तो डबीशेजारी ठेवला, तर मोरानं डबी छातीशी धरली होती. मी डबी ओढली, मोर बरोबर आला. फिरवली, मोर फिरला. उलटी धरून गदागदा हलवली, तरी मोर पडायचं नाव घेईना! चांदीला चुंबक चिकटत नाही, हे शाळेत सगळेच शिकतात. हे लोखंड होतं, लोखंड! वर नुसता मुलामा!

"हसू नको," मी म्हणालो, आणि गोठ्यातली सगळी गोष्ट तिला सांगितली. द्वारकाचं हसू विझलं. डोळे भरले.

"आईची माळ? अहो, तिच्या सासूनं घर हवाली केलं ना त्या माळेनं! तुम्ही कचरा म्हणलात, म्हणून आप्पांनी दिली. ती परत आणा. त्याशिवाय मला तोंड दाखवू नका!"

तेवढ्यात फोन. आप्पासाहेब! आवाज रडवेला.

"पाव्हणं, घोटाळा झाला! तुमचा व्हिडिओ काकासाहेबानं साऱ्या भावकीला धाडला. उद्या काळीपिवळी जीप करून सगळे सांडूशेठकडं निघालेत, घरोघरच्या माळा बदलून घ्यायला! आन् तुमची मामी बी येते म्हणतीय. पटवेकऱ्याकडनं माळ आणायला!"

आता जीपच्या आधी गुलमंडी गाठणं भाग होतं. सकाळी कंपनीला दांडी मारली, एका खिशात डबी, दुसऱ्यात मोर, आणि थेट सांडूशेठची पायरी! पाहतो तर आत ही गर्दी! सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या टीव्हीकडं. आणि टीव्हीवर कोण? मी! गुलाबी फेटा, गळ्यात हार, मिशीला पुरण. "हा रुपया मी स्वतः पास करतो. अस्सल!" खाली पट्टी: ‘वाळूजचे सुप्रसिद्ध नाणेतज्ज्ञ.’ काकासाहेबांचा व्हिडिओ फिरत फिरत बरोबर मुक्कामी पोचला होता!

मी सांडूशेठला कोपऱ्यात घेतलं. "शेठ, हा रुपया लोखंडाचा आहे! माझ्या सासूबाईंची माळ परत करा!"

"हळू, साहेब, हळू. डबी उघडली का आपण?"

"नाही."

"मग न उघडता खोटं कसं म्हणता?"

"ठीक आहे, उघडतो!"

"उघडली की दर्जा रद्द. मग ते नाणं आमचं नाहीच!"

"दर्जा दिला कुणी?"

"स्वतंत्र संस्था आहे, साहेब. आमचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही."

"कुठं आहे ही संस्था?"

"वरच्या मजल्यावर. मेहुणा बघतो माझा."

मी गर्दीकडं वळून ओरडलो, "मंडळी, फसू नका! माल खोटा आहे!"

"ओ भाऊ, बाजूला व्हा, टीव्ही दिसंना!" एक टोपीवाले म्हणाले.

"अहो, टीव्हीवर मीच आहे!"

त्यांनी एकदा टीव्हीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "ते साहेब वेगळेत. त्यांचा रुबाब बघा! तुमच्या तोंडावर बारा वाजलेत."

मग मी मोर काढला आणि डबीला लावला. चट्कन चिकटला! दुकानात कुजबुज झाली. पण सांडूशेठ हलला नाही. "मोर तपासलेला आहे का, साहेब? त्याला कुणाचं सर्टिफिकेट?"

"बरोबर हाय!" टोपीवाले म्हणाले. "मोराचं काय सांगावं!"

तेवढ्यात काचेच्या कपाटात माझी नजर गेली. ओळीनं नऊ डब्या. नऊ रुपये, घासलेले, कड्या डागलेले. वर पाटी: ‘दुर्मिळ! नवाबाच्या बेगमेच्या गळ्यातील. ६८/७०.’

"शेठ, ह्या घासलेल्यांना अडुसष्ट?"

"बेगमेच्या गळ्यावर घासलेत ना! शाही घास म्हणतात ह्याला."

आणि बाहेर पोंऽऽ पोंऽऽ! काळीपिवळी आली! आधी काकासाहेब उतरले, मग गाठोडी सांभाळत बायका, मग मामी, आणि सगळ्यात शेवटी, जीपच्या मागं लपायला जागा शोधत, आप्पासाहेब.

"अगं, आधी च्या घेऊ, मग जाऊ पटवेकऱ्याकडं," ते म्हणत होते. पण मामींनी मला पाहिलं आणि सरळ दुकानात आल्या.

"पाव्हणं, तुमी हितं? कंपनी बंद हाय का?" एवढं म्हणेपर्यंत त्यांचं लक्ष कपाटाकडं गेलं. हात पुन्हा गळ्याशी गेला आणि तिथंच थांबला. "हे तर माझे शिक्के! त्यो मधला बघा, त्याच्यावर द्वारकीचा दात लागलाय, दात येताना लई चावायची!"

"नाही ताई," सांडूशेठ नम्रपणे म्हणाला, "हे नवाबाच्या बेगमेच्या गळ्यातले."

"गळा माझा, शिक्के माझे! म्हंजी बेगम मीच की रे मुडद्या!" मग त्या वळल्या. "आन् अवं, ह्योच का तुमचा पटवेकरी?"

आप्पासाहेब छताच्या पंख्याचं निरीक्षण करू लागले. मला राहवलं नाही.

"मामी, त्यांना बोलू नका. चूक माझी आहे. मी चांदीला कचरा म्हणलं आणि लोखंडाला पास केलं. मला नाण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही!"

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही भर गुलमंडीत! टोपीवाले उडालेच. "आरं, आवाज त्योच! टीव्हीवरचे साहेब हेच हायेत! आन् साहेबच म्हणतायत त्यांना काय कळत नाय!"

काय सांगू! घसा फोडून ओरडत होतो तोवर कुणी ऐकलं नाही, आणि स्वतःला नापास केलं तर अख्ख्या दुकानानं ताबडतोब विश्वास ठेवला. सगळ्यांच्या नजरा सांडूशेठवर वळल्या. बायका गाठोडी मांडीवर घेऊन त्याच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर फतकल मारून बसल्या.

"माळ दे, शेठ," काकासाहेब म्हणाले. "नायतर आमी हितंच बसतो. भाकरी बांधून आणल्यात."

मामींनी वाटच पाहिली नाही. कपाट उघडून डब्या ओढल्या, तराजूतलं वजन उचललं आणि ठाण्! ठाण्!

"अहो बाई! डबी फुटली की दर्जा गेला!" सांडूशेठ किंचाळला.

"जाऊ दे! मला गळ्यात घालायचेत, परीक्षेला नाय बसवायचे!"

"शेठ," मी म्हणालो, "डबी उघडली. आता ते नाणं तुमचं नाहीच!"

सांडूशेठनं गादीवरच्या बायकांकडं पाहिलं. मग त्यानं मुकाट्यानं टीव्ही बंद केला.

तिथून आम्ही खरोखरच्या पटवेकऱ्याच्या ओट्यावर गेलो. त्यानं नवा काळा दोरा काढला आणि रुपये ओवायला घेतले. मामी आप्पासाहेबांकडं पाठ करून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "थांब रे," आणि त्याच्या पुढ्यातला एक रुपया उचलून माझ्याकडं वळल्या.

"घ्या, पाव्हणं. धोंड्यात जावयाला खोटं वाण गेलं तर मला पाप लागंल. आन् चुकला तरी चारचौघांत कबूल केलं तुमी. आमच्या मालकाला संबाळून घेतलं."

माझे डोळे पाणावले, खोटं नाही सांगत. रुपया तळहातावर घेतला, वाकून मामींच्या पाया पडलो, उठताना रुपया उजेडात धरला, आणि माझ्या तोंडून गेलं, "फक्त ह्याची कडी जरा तिरकी डागलीय, मामी!"

पटवेकऱ्याचा हात थांबला. आप्पासाहेबांनी डोळे मिटले. मामींनी शांतपणे माझ्या तळहातावरचा रुपया उचलला आणि पटवेकऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

"ओव रे बाबा. नऊच्या नऊ ओव."

आणि पिशवीत हात घालून मला एक अनारसा दिला. "हे घ्या तुमचं वाण."

अनारसा खालून चांगलाच करपला होता. पण मी तो उलटा करून बघितलाच नाही असं दाखवून, ओट्याच्या कडेला बसून मुकाट्यानं खाल्ला.