खांबाखालचा कोलू

गंधार आपटेची झोप उडाली होती. चेन्नईभर फुकट वायफायचे खांब सांभाळणाऱ्या कंपनीत तो कंत्राटी इंजिनिअर होता, आणि अड्यारच्या बागेतला खांब त्याच्या पदरात पडला होता. कोणते खांब परवडतात ते बघायला मुख्य कार्यालयातल्या विजयालक्ष्मी मॅडम शुक्रवारी येणार होत्या. तिकडे सांगलीत, त्याचं जिच्याशी ठरत होतं त्या अदितीचे वडील अनंतराव 'नोकरी पक्की झाली की साखरपुडा' असं सांगून मोकळे झाले होते.

"खांबाखालीं माणूस नसला तर खांब गेला. खांब गेला म्हणजे तूंही गेलास, समजलं कीं?" साहेब शेषाद्रीराव म्हणाले. ते तंजावरी मराठी. वाईट बातमीसुद्धा जुन्या थाटात देत.

पण खांबाखाली माणूस येणार कुठून? वायफाय सुरू व्हायला आधी एक जाहिरात बघावी लागे, आणि त्या जाहिरातींच्या पैशावर सगळा डोलारा उभा होता. ज्याच्या खिशात स्वस्त नेट आहे, तो बनियनची जाहिरात बघायला बागेत कशाला येईल? खांबाचा नियमित वापर करणारी फक्त दोन कुत्री होती, आणि त्यांचं काम वेगळं होतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. गंधारने घरमालकीण त्रिपुरसुंदरीअक्कांना गाठलं. त्याही तंजावरच्याच.

"अक्का, मैत्रिणींना घेऊन चार दिवस बागेत बसाल का? नेट फुकट आहे."

"जर्सींतला नातू दिसेल कीं त्यांत?"

"हवा तेवढा वेळ दिसेल," गंधार म्हणाला. हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

कारण नवरात्र तोंडावर आलं होतं. पायऱ्यांवर बाहुल्या मांडून अक्का दरवर्षी कोलू सजवायच्या, पण तो बघायला घरचं कुणी नसे. पोरं सगळी परदेशात. गंधार बागेत गेला तेव्हा खांबाशेजारच्या छपराखाली सात पायऱ्यांचा कोलू मांडलेला होता आणि पायरीपायरीला एकेक फोन टेकवलेला होता. सिंगापूर झोपलं की दुबई बघत होती, दुबई झोपली की न्यूजर्सी. हळदकुंकवाला आणि चण्यांचं सुंडल खायला अर्धं अड्यार लोटलं. आलेली प्रत्येक बाई आपापल्या पोराला व्हिडिओ लावून बसली. देवी पावली, असं गंधारला वाटलं.

तेवढ्यात शेषाद्रीरावांचा फोन आला.

"काय करून ठेवलंस रे? जाहिरात एकदां बघतात आणि व्हिडिओ कंपनीच्या खर्चानं दिवसभर चालवितात. त्या जाहिरातीच्या पैशांत सुंडलाचे चणेही यायचे नाहींत. जितकीं माणसं तितका तोटा. मॅडम यायच्या आधीं उठव सगळ्यांस."

गंधार अक्कांसमोर जाऊन उभा राहिला. "अक्का, कोलू घरी नेऊया का? बाहुल्यांना ऊन लागतंय."

"मांडलेला कोलू दसऱ्याआधीं हलवायचा?" अक्कांनी शांतपणे विचारलं. "माझ्या घराचं वाईट चिंतितोस काय?"

गंधार हळूच खांबामागे गेला आणि त्याने वायर उपसली. अक्कांच्या फोनमधला नातू तोंड उघडं टाकून जागच्या जागी थिजला. शेजारच्या फोनवर लागलेलं सहस्रनाम मध्येच थांबलं आणि छपराखालच्या सगळ्या कांजीवरम साड्या त्याच्याकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर तो एवढा घाबरला नसता. त्याने निमूटपणे वायर पुन्हा जोडली.

शुक्रवारी मॅडम आल्या. त्याही तंजावरकडच्याच निघाल्या. त्यांनी चपला काढल्या, कुंकू लावून घेतलं, मेलबर्नच्या लेकीला व्हिडिओ लावला आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. बळीच्या बकऱ्यांसारखे शेषाद्रीराव आणि गंधार झाडाखाली उभे होते.

"हा खांब कंपनीस खाऊन टाकील," मॅडम अखेर त्यांच्याजवळ येऊन म्हणाल्या. "दसरा झाला कीं बंद."

गंधारला साखरपुड्याचा नारळ गडगडत लांब जाताना दिसला.

"आणि बाकीचे खांब, मॅडम?" शेषाद्रीरावांनी भीत भीत विचारलं.

"ते उत्तम आहेत. कोणी वापरीत नाहीं, म्हणून खर्चही नाहीं. शहराच्या पार टोकाचे, एन्नोरचे तर फारच चांगले, तिथं कोणास ठाऊकच नाहींत." मग त्या गंधारकडे वळल्या. "गर्दी कशानं होते हें तुम्हांइतकं कोणास कळलेलं नाहीं. तुम्ही एन्नोर सांभाळा. वर्षभर खांब रिकामे राहिले तर नोकरी पक्की."

संध्याकाळी व्हरांड्यातून त्याने अदितीला फोन केला.

"पक्की होईल गं. एक वर्ष थांबायला सांग बाबांना."

"पण काम काय आहे?"

"एन्नोरला वायफाय आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही."

"हे मी बाबांना सांगणार नाहीये," अदिती म्हणाली. गंधारने फोन ठेवला आणि वळून बघितलं, तर दारात अक्का उभ्या होत्या. चेहरा आनंदाने फुललेला, हातात फोन.

"इथला खांब जातो म्हणून मज रडूं येत होतं बघ. एन्नोरास आहेत, हें आधीं नाहीं सांगायचं? बस जाते कीं तिथं. पुढच्या वर्षीं अकरा पायऱ्यांचा मांडूं. साऱ्या मैत्रिणींस कळवूनही झालं."