शकुनाची कोंबडी

एका जंगलात, बाळांनो, सिंहच नव्हता. प्राण्यांनी त्याला हाकलून दिलं होतं आणि पुन्हा कुणाला राजा करायचं नाही, अशी शपथ घेतली होती. त्याऐवजी दरवर्षी दोन प्रमुख निवडले जात. दोघं एकमेकांचे पाय ओढत राहिले म्हणजे जनता सुखात राहील, असा त्यामागे विचार होता.

लढाईची मात्र सगळ्यांना भारी हौस. पण त्यातही शिस्त होती. आधी शकुनाच्या कोंबडीपुढे दाणे टाकायचे. तिने टिपले तर देवाची संमती. नाही टिपले तर सैन्य घरी.

त्या वर्षी हा मान ठिपकीकडे होता. बाई साधी. आपण दाणे टिपतो आणि नदीपलीकडचे कोल्हे मरतात, यात संबंध काय, हे तिला कधी उमगलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. ज्वारी चांगली मिळत होती.

यंदा मात्र तिचा एकुलता एक मुलगा तुरेबा सैन्यात भरती झाला. पहिल्या रांगेत. तिथे गरिबांची पोरं उभी करत. थोरामोठ्यांची पोरं मागून घोषणा देत.

प्रमुखांपैकी एक होते रानडुक्कर दंतोजी. त्यांचं वर्ष संपत आलं होतं, आणि लढाई जिंकल्याशिवाय कुणाची मिरवणूक निघत नसे. दंतोजींनी ढोलवाले आधीच ठरवून ठेवले होते. त्यांनी गुपचूप ठिपकीचं खाणं बंद करायला लावलं.

लढाईच्या सकाळी सैन्य उभं राहिलं. सरडेशास्त्रींनी मंत्र म्हणून दाणे टाकले. ठिपकीच्या पोटात आग पडली होती. चोच आपोआप खाली गेली. तेवढ्यात तिला समोर तुरेबा दिसला. तिने मान वळवली.

"खा गं बाई," दंतोजी पुटपुटले.

"भूक नाही."

"शास्त्रीबुवा, हिला कुणी काही घातलं का?"

"छे हो! पाणीसुद्धा घोटभरच दिलंय."

"ठिपके, अगं देशाचा प्रश्न आहे!"

"देशाला पोरं पुष्कळ आहेत," ठिपकी म्हणाली. "मला एकच आहे."

सैन्यात चुळबुळ सुरू झाली. एका सशाने तर भाला खाली ठेवून घराची वाट धरली. दंतोजींना घाम फुटला. सरडेशास्त्रींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, रंग बदलला आणि ते दगडावर चढले.

"बंधूंनो, असा शकुन आजवर झाला नाही! विजय मिळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं या वीरमातेने व्रत घेतलंय!"

जयजयकाराने जंगल दणाणलं. ससाही परत आला.

"अहो, मी असं कुठं म्हटलं?" ठिपकी ओरडली. पण ढोल वाजू लागले होते.

तुरेबाचे डोळे भरून आले. "आई," तो लांबूनच म्हणाला, "तू उपाशी राहू नकोस. संध्याकाळपर्यंत जिंकून येतो. मग जेव."

संध्याकाळी विजयाची मिरवणूक निघाली. पुढे दंतोजी, मागे घोषणा देणारे. पहिल्या रांगेतलं कुणीच नव्हतं.

व्रत सुटावं म्हणून दंतोजींनी भर चौकात ठिपकीपुढे स्वतः दाणे टाकले. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्रत सुटलं नाही, म्हणजे विजय अजून अपुरा आहे!" म्हणत सरडेशास्त्रींनी तिथल्या तिथे पुढची लढाई जाहीर केली.

तात्पर्य : देवाचा कौल घेतल्याशिवाय युद्ध करू नये. कौलाचा अर्थ सांगणारा तेवढा आपला असावा. कोंबडी कुणाचीही चालते.